ओसरीवरची प्रार्थना आणि उपवासकाळाची शुभवर्तमाने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या गावात ख्रिस्ती कुटुंबे चौदा-पंधराच आहेत आणि फादर महिन्यातून एकदा मिस्सेला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेला, येतात. यंदाच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, दर शुक्रवारी संध्याकाळी घरोघरी होणाऱ्या प्रार्थनेत शुभवर्तमान, म्हणजे बायबलातला येशूच्या जीवनाचा भाग, वाचून त्यावर मनन सांगण्याचे काम फादरांनी आपल्यावर सोपवले आहे. मागची दोन वर्षे आपण मोबाइलवर आलेली तयार मनने वाचून दाखवलीत, पण लोक खाली मान घालून ऐकतात, आमेन म्हणतात आणि चहा घेऊन उठतात. आपले धर्मशास्त्राचे शिक्षण झालेले नाही, शिवाय ओसरीवर शेजारचे हिंदू आणि बौद्ध आयाबायाही येऊन बसतात. तेव्हा काय बोलावे, किती बोलावे आणि काय जपावे, असे आपण विचारले आहे.

मी अमरावती आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांतल्या खेड्यांमध्ये २८ वर्षे धर्मशिक्षक म्हणून फिरलो. सुरुवातीची सहा-सात वर्षे मीही तेच केले जे आपण करत आहात, फक्त तेव्हा मोबाइलऐवजी माझ्या हातात छापील पुस्तिका असे. त्यातली मनने चुकीची नव्हती. पण ती ज्यांच्यासाठी लिहिली होती ते लोक दिवसभर हरभरा उपटून आलेले नव्हते. पुढे मला उमजले की या कामात अर्थ सांगणे नंतर येते. आधी ते वाचन माणसांच्या कानी नीट पडले पाहिजे, आणि त्यातल्या माणसाने विचारलेला प्रश्न ओसरीवर थोडा वेळ तसाच राहू दिला पाहिजे. आपण उत्तर द्यायची घाई करतो, म्हणून लोक मान खाली घालतात.

कोणते वाचन घ्यावे हे आपल्याला ठरवायचे नाही, ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, ते ठरवून ठेवले आहे. पवित्र शास्त्राचे भांडार लोकांसाठी अधिक मोकळे करावे, असे जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेवरच्या दस्तऐवजात म्हटले आणि १९६९ मध्ये तीन वर्षांची नवी वाचनमाला आली. तिची अ, ब आणि क अशी वर्षे आहेत. ज्या सनाला तीनने नि:शेष भाग जातो ते 'क' वर्ष, एवढे लक्षात ठेवले की पुरे. म्हणून २०२५ हे 'क' होते आणि २०२६ हे 'अ' आहे. शुक्रवारी येत्या रविवारचे शुभवर्तमान घ्यावे, म्हणजे रविवारी फादर आले नाहीत तरी गाव साऱ्या ख्रिस्तसभेच्या बरोबरीने चालत राहील.

उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातले दान, प्रार्थना आणि उपवास गुप्तपणे करण्याविषयीचे वचन असते. येथे उपवासाच्या नियमांवर फार वेळ घालवू नये. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन उपवासाचे दिवस आहेत. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत ते बंधन आहे, आजारी माणसाला आणि अंगमेहनतीने थकलेल्याला सूट आहे, एवढे एकदा सांगून टाकावे. ज्या बाईचे सकाळचे जेवण तसेही दुपारी दोनला होते तिला उपाशी राहण्याचे महत्त्व पटवून देऊ नये. त्यापेक्षा राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी मिस्सेत जे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५८ व्या अध्यायातले वाचन असते, त्यातल्या चार ओळी म्हणून दाखवाव्यात: देवाला हवा असलेला उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणे आणि भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणे. मजुराची रोजी शनिवारच्या बाजाराआधी हाती देणे हाही उपवासच आहे, हे ऐकणाऱ्यांना आपोआप कळते.

पहिल्या रविवारी अरण्यातली परीक्षा आणि दुसऱ्या रविवारी डोंगरावरचे येशूचे रूपांतर तिन्ही वर्षे येते. ही वाचने मोलाची आहेत, पण ती शांतपणे वाचली की पुरते. आपली खरी मेहनत तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारसाठी राखून ठेवावी. 'अ' वर्षात त्या तीन रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातली तीन लांब प्रकरणे येतात: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि येशूने कबरीतून जिवंत उठवलेला लाजर. पुरातन ख्रिस्तसभेत पास्काच्या (ईस्टरच्या आदल्या) रात्री स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, घेणाऱ्या दीक्षार्थींची तयारी याच वाचनांनी होत असे. त्यांत क्रमाने पाणी येते, प्रकाश येतो आणि जीवन येते. म्हणूनच ती 'ब' आणि 'क' वर्षांतही वाचण्याची मुभा आहे. वेळ वाचवण्यासाठी त्यांचा संक्षिप्त पाठही दिलेला असतो, तो मात्र घेऊ नये, कारण लांबीतच त्यांचा जीव आहे. माणूस हळूहळू कसा उघडत जातो हे त्या लांबीशिवाय दिसत नाही.

शोमरोनी स्त्रीचे प्रकरण आपल्याकडे नेमके अशा दिवसांत येते की होळी पेटून गेलेली असते, ऊन चढू लागलेले असते आणि विहिरीचा दोर दर आठवड्याला हातभर वाढवावा लागतो. दुपारच्या बाराला पाण्याला कोण जाते, हे तेथे बसलेल्या बायकांना विचारावे. सकाळी हापसीवर हंड्यांची रांग लागते, तेव्हा बोलणे-हसणे असते, भांडणेही असतात. भर दुपारी जी एकटी जाते तिच्यामागे काहीतरी कारण असते. हे त्यांना आपल्यापेक्षा आणि पुस्तिका लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळते, म्हणून ते त्यांनाच सांगू द्यावे.

मग एक गोष्ट अवश्य जपावी. 'तुला पाच नवरे होते' हे वाक्य आले की पुरुषांच्या बाजूने हसू फुटते, आणि बहुतेक छापील मननेही तिला सरळ पापिणी म्हणून मोकळी होतात. शुभवर्तमानात तसे म्हटलेले नाही. त्या काळी सोडचिठ्ठी देण्याचा अधिकार नवऱ्याचा होता, आणि नवरे मरतही असत. पाच वेळा घर मोडलेली बाई ही पाच वेळा टाकलेली किंवा पाच वेळा विधवा झालेली असू शकते. येशू तिच्याविषयी जे खरे आहे ते बोलतो, पण तिला 'पुन्हा पाप करू नको' असे येथे म्हणत नाही. आपल्या ओसरीवर टाकलेली एक तरी लेक माहेरी येऊन राहिलेली असते. ती त्या क्षणी आपल्या तोंडाकडे पाहत असते, हे ध्यानात ठेवून बोलावे.

आणि पाणी कोण कोणाला मागतो आहे ते पाहावे. येशू थकलेला आहे, विहिरीच्या कठड्याशी बसला आहे, त्याच्याजवळ बादलीही नाही. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, असे योहान लिहितो; त्या शब्दाचा एक अर्थ 'एकमेकांचे भांडे वापरत नसत' असाही होतो. म्हणजे तो तिच्या भांड्यातून प्यायला तयार आहे, आणि ती त्याचमुळे चकित झाली आहे. हे आपल्या मुलखात निराळे समजावून सांगावे लागत नाही. १९२७ साली २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्राशन केले. ही तारीख दर वर्षी उपवासकाळात नाहीतर ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहातच येते. आपल्या बौद्ध शेजारणींसमोर हे वाचन होईल तेव्हा त्या तळ्याची आठवण आदराने काढावी, पण तेथून पुढे आपल्या धर्माची थोरवी सांगू लागू नये. आपल्या ख्रिस्ती घरांतही कोणाच्या घरचे पाणी चालते आणि कोणाचे नाही हे अजून पुरते सुटलेले नाही, आणि शेजारणींना ते ठाऊक असते.

या प्रकरणात मला सर्वांत आवडणारी ओळ अठ्ठाविसावी आहे: ती आपली घागर तेथेच सोडून गावात गेली. येशू पाणी प्यायला की नाही, हे योहान सांगतच नाही. इतक्या दुरून आणलेली घागर बाई विहिरीवर का ठेवून गेली असेल, एवढाच प्रश्न विचारून थांबावे. मी एका गावात हे विचारले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही, मग एक म्हातारी म्हणाली की परत यायचे होते म्हणून ठेवली असेल, आणि दुसरी म्हणाली की तो तहानलेला होता, त्याला पिता यावे म्हणून ठेवली. या दोन उत्तरांवर मी त्या संध्याकाळी काही जोडले नाही.

जन्मांध माणसाच्या वाचनात पहिलाच प्रश्न शिष्यांचा आहे: 'गुरुजी, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी?' हा प्रश्न आपल्याकडे आजही जिवंत आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार अनेक घरांत आहे. लेकराचे अंग दुखून येते, रक्त चढवावे लागते, आणि नातेवाईक आईकडे बोट दाखवतात. तो आजार आई आणि बाप दोघांकडूनही दोष आला तरच मुलाला होतो, आणि दोघेही सहसा धडधाकट दिसतात. लग्नाआधी रक्ताची साधी तपासणी करून घेता येते. आनुवंशिक आजार म्हणजे आईबापांचे पाप नव्हे, हे येथे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण येशूनेही ते स्पष्ट शब्दांत सांगितले आहे: याने पाप केले नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. मननात मी सहसा ठाम उत्तरे टाळतो, परंतु या एका ठिकाणी टाळत नाही.

त्यानंतर त्या माणसाच्या बोलण्याकडे लक्ष वेधावे. आधी तो म्हणतो, 'येशू नावाच्या माणसाने', मग म्हणतो, 'तो संदेष्टा आहे', पुढे 'तो देवापासून नसता तर त्याला काही करता आले नसते', आणि शेवटी 'प्रभो, मी विश्वास ठेवतो'. दर वेळी तो कोणाच्या तरी प्रश्नाला किंवा दटावणीला उत्तर देत असतो; त्याची दृष्टी भांडता भांडता स्वच्छ होत जाते. त्याचे आईबाप मात्र भ्यायलेले आहेत. 'तो वयात आला आहे, त्यालाच विचारा', असे म्हणून ते बाजूला होतात, कारण सभास्थानातून घालवून देतील ही धास्ती त्यांना आहे. त्यांना नावे ठेवू नयेत. गावकीतून बाहेर पडण्याची भीती आपल्याही लोकांना माहीत आहे.

आता लाजर. येथे मी माझी चूक सांगतो, कारण ती आपल्याकडून होऊ नये. कापसाच्या पट्ट्यातल्या एका गावी तरुण मुलगा गमावलेल्या घरात प्रार्थना होती. कर्ज होते, दोन हंगाम हातचे गेले होते, आणि त्याने स्वतःचा जीव घेतला होता. त्या आठवड्याचे वाचन लाजराचे होते. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस तेथेच राहिला, या ओळीवर मी बोलू लागलो, आणि देवाच्या विलंबातही देवाची योजना असते असे पुस्तिकेतले वाक्य म्हटले. त्या मुलाची आई उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. निघताना ती मला हळूच म्हणाली, 'तो त्या दिवशी आला असता भाऊ, तं माहा पोरगा वाचला असता.'

ते वाक्य मी तासाभरापूर्वी तिच्याच घरात वाचले होते. लाजराची बहीण मार्था गावाबाहेर येऊन हेच म्हणते, आणि थोड्या वेळाने दुसरी बहीण मरिया येशूच्या पायांशी पडून तेच शब्द पुन्हा म्हणते: 'प्रभुजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.' दोघी बहिणींच्या तोंडी एकच वाक्य आहे, कारण चार दिवस त्या घरात दुसरे काही बोलणे झालेच नसणार. येशू त्यांना गप्प करत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो, मरियेशी तेही बोलत नाही. 'त्याला कोठे ठेवले आहे' एवढे विचारतो, आणि रडतो. ज्याला पुढच्या घटकेला काय होणार हे माहीत आहे तोही आधी रडतो. शुभवर्तमानात देवाला दिलेला दोष जसाच्या तसा लिहून ठेवला आहे आणि ख्रिस्तसभा तो दर तीन वर्षांनी भर उपासनेत मोठ्याने वाचते, हे मला त्या आईने शिकवले.

म्हणून दु:खाच्या घरी हे वाचन आले तर त्यावर बोलू नये. दोनदा वाचावे, आणि मार्थेचे वाक्य घरातल्या बाईला वाचता येत असेल, तिची इच्छा असेल, तर तिला वाचू द्यावे. ज्या माणसाने स्वतःचा जीव घेतला त्याच्या गतीविषयी कोणी विचारले तर भीती घालू नये. अशा माणसांच्या तारणाविषयी आशा सोडू नये आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, हीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आणि घरात दुसरे कोणी खचलेले दिसले तर प्रार्थनेवर न थांबता त्याच संध्याकाळी फादरांना, आशाताईंना आणि सरकारी दवाखान्याला कळवावे, त्या माणसाला रात्री एकटे ठेवू नये. लाजराच्या गोष्टीतही कबरीवरची धोंड लोकांनीच सरकवली आणि प्रेतवस्त्रेही लोकांनीच सोडली. येशूने ती दोन्ही कामे शेजाऱ्यांना सांगितली.

'क' वर्षासाठी एक नोंद करून ठेवावी. त्या वर्षी तिसऱ्या रविवारी फळ न देणारे अंजिराचे झाड येते आणि चौथ्या रविवारी दोन मुलांचा बाप. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागाईतदारासमोर अंजिराचा दाखला वाचला की तो माळ्याचे म्हणणे लगेच धरतो: एक वर्ष राहू द्या, मी आळे खणून खत घालतो. ज्याने वाळलेली बाग तोडताना स्वतः कुऱ्हाड धरली आहे त्याला 'एक वर्ष' म्हणजे किती हे विचारावे. आणि दोन मुलांच्या दाखल्यात धाकट्याच्या उधळपट्टीवर वेळ घालवण्यापेक्षा बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे काय, यावर थांबावे; सातबाऱ्यावरून भावाभावांत बोलणे बंद झालेले घर प्रत्येक गावात असते. थोरला शेतातून येतो आणि बाहेरच उभा राहतो. तो 'हा तुमचा मुलगा' म्हणतो, बाप 'हा तुझा भाऊ' म्हणतो. थोरला शेवटी आत गेला की नाही हे येशूने सांगितलेले नाही, आपणही सांगू नये.

वेळेविषयी आपण विचारले होते. वाचन सावकाश झाल्यावर दोन मिनिटे शांतता ठेवावी, मग तेच वाचन दुसऱ्या आवाजात, शक्यतो शाळेत जाणाऱ्या मुलीच्या तोंडून व्हावे, आणि आपले बोलणे सात-आठ मिनिटांपेक्षा लांबू नये. 'यातून आपण काय शिकलो' असे विचारले की सगळे शाळकरी उत्तर देतात. 'कोणत्या शब्दापाशी थांबावेसे वाटले' असे विचारावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकलेले एक वाक्य तसेच म्हणू द्यावे. नुसते वाक्य म्हटले तरी ते मनन झाले.

पवित्र सप्ताहात आपले लोक मुख्य चर्चला जातात, त्यामुळे आपल्यावर भार कमी असतो. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी शिंदीची पाने हातात असतात आणि दु:खसहनाचे वाचन वेगवेगळ्या आवाजांत होते. त्यात 'त्याला क्रुसावर खिळा' हे वाक्य साऱ्या लोकांच्या तोंडी येते, ते का, हे आधीच्या शुक्रवारी समजावून ठेवावे. गुड फ्रायडेला योहानाच्या वाचनात 'यहुदी' हा शब्द वारंवार येतो. तेथे तो मुख्यतः त्या वेळच्या पुढाऱ्यांसाठी आहे, आणि येशूच्या मरणाचा दोष यहुदी लोकांवर सरसकट लादता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले आहे. परधर्मीय शेजारी बसलेले असताना दुसऱ्या कोणत्याही समाजाविषयी कडवट शब्द आपल्या प्रार्थनेतून जाऊ नये.

माझी खरी तक्रार ईस्टरनंतरच्या काळाविषयी आहे. उपवासकाळाला आपण चाळीस दिवस देतो, आणि पुनरुत्थानाचा काळ पन्नास दिवसांचा असूनही ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवरची सतरंजी गुंडाळतो. शेत रिकामे असते, लग्नसराई असते, ऊन असते, हे सर्व खरे. पण ज्या लोकांनी क्रुसाच्या वाटेवर न चुकता गुडघे टेकले त्यांच्या कानी जखमा पाहिल्याशिवाय न मानणाऱ्या थोमाची आणि रिकाम्या कबरीपाशी रडणाऱ्या मग्दालिया मरियेची गोष्ट पुरती पडतच नाही. ईस्टरच्या सकाळचे वाचन तर असे आहे की त्यात येशू कोणाला दिसतच नाही; रिकामी कबर, गुंडाळलेली वस्त्रे आणि धावून दमलेले दोन शिष्य. पुढच्या रविवारी तिन्ही वर्षे थोमा येतो, आणि उठलेल्या प्रभूच्या हातावर जखमा तशाच असतात. ज्या घरात लाजराचे वाचन मौनाने झाले, त्या घरात हे वाचन पुन्हा न्यावे.

यंदा 'अ' वर्ष असल्याने १९ एप्रिलच्या रविवारी अम्माउस गावाच्या वाटेवर उठलेला येशू दोन शिष्यांना भेटतो, ते वाचन आहे. येशू त्या दोघांना आधी विचारतो, 'तुम्ही चालता चालता काय बोलत आहात?' ते उदास होऊन थांबतात, आणि तो त्यांना सगळे सांगू देतो, 'आम्हांला आशा होती' हे वाक्यही पूर्ण ऐकून घेतो. शास्त्र तो त्यानंतर उलगडतो, आणि ते त्याला ओळखतात ते भाकर मोडताना. १७ एप्रिलच्या शुक्रवारी ही प्रार्थना दिवस मावळायच्या थोडी आधी, अंगणात घ्यावी, म्हणजे 'आमच्याबरोबर राहा, संध्याकाळ होत आली आहे' हे वाक्य उजेड सरता सरता वाचले जाईल. आधी गावातल्या दोघांना आपापली गोष्ट सांगू द्यावी, मग वाचन करावे. त्या दिवशी चहाऐवजी ज्वारीची भाकरी आणि ठेचा ठेवायला घरच्या माउलीला आठवडाभर आधी सांगून ठेवावे. हा ख्रिस्तप्रसाद नव्हे, साधे जेवण आहे, हेही सर्वांना सांगावे, आणि शेजारणींना आग्रहाने थांबवून घ्यावे.